आकडा नव्हे, उजेड: हेडटॉर्च निवडताना

डोंगरावरून अर्धं उतरून आलो होतो आणि डोक्यावरचा उजेड मंदावत चालला होता. टॉर्च बंद पडला नव्हता, पण पायाखालचा दगड पक्का आहे की सुटा, हे काही दिसेना. खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: १००० लुमेन, ४० तास. लुमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप. ते दोन आकडे बघूनच मी तो घेतला होता. १००० लुमेन सर्वांत प्रखर मोडचे आणि ४० तास सर्वांत मंद मोडचे, हे नंतर समजलं.

नवा घेण्याआधी महिनाभर एक वही ठेवली. हेडटॉर्च कधी लावला, कशासाठी आणि कोणत्या मोडवर, एवढंच लिहायचं. महिन्याअखेरीस पाहिलं तर निम्म्याहून जास्त वेळा तो घरातच लागला होता. वीज गेल्यावर, माळ्यावरचं सामान काढताना, सिंकखालच्या पाइपची गळती शोधताना. तिथे जुन्याचा अरुंद झोत पांढऱ्या पाइपवर पडून डोळे दिपायचे आणि बाजूचा नट मात्र काळोखात राहायचा. हातभर अंतरावरच्या कामाला पसरट, मंद उजेड लागतो. त्यामुळे नव्या हेडटॉर्चचा सर्वांत मंद मोड किती मंद आहे, हे मी आधी पाहायचं ठरवलं. बहुतेक जण हे बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकलो. चांगल्या कंपन्या 'एफएल १' या मानकानुसार आकडे देतात. त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ हा 'रनटाइम' धरला जातो. म्हणजे सहा तास लिहिलंय म्हणून सहाही तास तेवढाच उजेड मिळेल असं नाही. झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचं. तेवढ्या उजेडात दूरची वाट नीट दिसत नाही. त्याच झोताला दुप्पट लांब न्यायचं तर उजेड चौपट लागतो, आणि बॅटरी त्याच हिशेबाने संपते. हे कळल्यावर लुमेनची हौस फिटली. चालायला मला २०० च्या आसपास पुरतात. अवघड जागी वाट शोधायची असेल तेव्हाच मिनिटभर प्रखर मोड लावतो.

दुकानात दोन गोष्टी करून पाहिल्या. हातमोजे घालून, डोळे मिटून बटण दाबलं. एका मॉडेलला एकच बटण होतं आणि लाल दिव्यावर यायला चार वेळा दाबावं लागत होतं. तो तिथेच बाद. लाल दिवा मला हवाच होता. अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या झोताने ते सगळं क्षणात वाया जातं. मंद लाल उजेडात ते बरंचसं टिकतं, तंबूतल्या सोबत्याची झोपही मोडत नाही. नकाशावरच्या लाल रेघा मात्र त्यात दिसत नाहीत. दुसरं म्हणजे, टॉर्च डोक्याला लावून जागेवर उड्या मारल्या. बिजागरी सैल असली की झोत दर पावलाला खाली घसरतो.

बॅटरीचा निर्णय सर्वांत अवघड गेला. चार्जिंगचा टॉर्च घरी सोयीचा, पण दोन-तीन रात्री बाहेर काढायच्या तर वाटेत चार्जिंग कुठून आणायचं? शेवटी दोन्ही चालणारा घेतला, आतली बॅटरी काढून साधे तीन एएए सेल टाकता येतील असा. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, म्हणून जादा सेल लिथियमचे ठेवतो. पाण्यापासून बचावाचं आयपीएक्स४ हे मानांकन पुरेसं मानलं. ते पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतं, पाण्यात बुडवायला नाही.

पहिल्याच रात्री धुकं लागलं. कपाळावरचा झोत धुक्यावरून परतून थेट डोळ्यांत येत होता, समोर नुसती पांढरी भिंत. टॉर्च काढून कमरेशी हातात धरला. दगडांच्या सावल्या लांब पडल्या, खड्डे-उंचवटे वेगळे दिसू लागले आणि पाऊल ठामपणे पडायला लागलं.

आता सॅक भरताना, आत तो चुकून लागू नये म्हणून, बटण दाबून धरतो आणि लॉक झाल्याची बारीक उघडझाप पाहिल्यावरच टॉर्च वरच्या कप्प्यात ठेवतो.