पिशवीच्या तळाशी सापडलेली तारीख

संक्रांतीला पाच दिवस उरले होते. सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची लगबग सुरू झाली की आमच्या ओपीडीत एक मागणी हमखास येते. यात्रेतल्या अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी बाळ व्हावं. त्या दिवशी ती एका सासूबाईंनी केली. "मॅडम, बाळ अक्षतेच्या दिवशी होऊ द्या. तसं बी हिला साखर हाय, दिवसबी भरल्यात. मग चार दिवसांत कळा आणून मोकळी केली तर काय बिघडलं?" जन्मभर विड्या वळून त्यांच्या बोटांना तंबाखूचा रंग चढलेला होता.

सून पहिलटकरीण. सहाव्या महिन्यात माझ्याकडे आली, तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १६८ निघाली होती. १४० आणि त्यापुढे म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. आहार सांभाळून भागेना, म्हणून रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. तेव्हापासून तिने वहीत एकही दिवस चुकवला नव्हता. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

खरं सांगते, मी नाही म्हणणार नव्हते. माझ्याच अक्षरात फाइलवर ३९ आठवडे १ दिवस लिहिलेलं होतं. औषधावर असलेल्या आणि साखर आटोक्यात असलेल्या बाईचं बाळंतपण एकोणचाळिसावा आठवडा पुरा झाला की पुढच्या आठवडाभरात उरकावं, असंच आम्ही धरतो. त्यापुढे वाट पाहण्यात पोटातलं बाळ दगावण्याची धास्ती असते. म्हणजे अक्षतेची १३ तारीख नियमात बसत होती.

दाखल करायचा कागद लिहिताना सहज विचारलं, "पाळी महिन्याच्या महिन्याला यायची का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम, कधी दीड महिना, कधी दोन." माझं पेन थांबलं. हे मी सहाव्या महिन्यातच विचारायला हवं होतं.

पहिली सोनोग्राफी? गावाकडे झाली होती म्हणे, कागद कुठाय माहीत नाही. सासूबाईंनी कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. रेशनकार्डाची झेरॉक्स, रक्ताचे रिपोर्ट, आणि अगदी तळाशी चार घड्या घातलेला तो कागद. पाळीच्या हिशोबाने त्या दिवशी ९ आठवडे २ दिवस व्हायला हवे होते. बाळाची लांबी ७ आठवड्यांची होती. सोळा दिवसांचा फरक! म्हणजे माझ्यासमोर बसलेली बाई ३९ नव्हे, ३६ आठवडे ६ दिवसांची होती.

मग सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे का दिसलं नाही? कारण आईची साखर वाढलेली असली की बाळाचं पोट भरतं, ते अंगाने मोठं दिसतं आणि चुकीच्या तारखेशी नेमकं जुळून जातं. तारीख ठरवायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या कागदावरून. मधुमेह असलेल्या आईच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हायला जरा उशीरच लागतो. शिकत असताना असंच घाईने बाहेर काढलेलं एक बाळ मी पाहिलंय. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. ते मला विसरता येत नाही.

मी दाखल करायचा कागद फाडला. "मावशी, अक्षता पुढच्या वर्षी बाळाला कडेवर घेऊन बघा. आता २४ तारखेपर्यंत थांबायचं, तेव्हा खरे ३९ आठवडे भरतील." त्या नाराज झाल्या, पण उठून गेल्या नाहीत.

ते पंधरा दिवस मला जड गेले. थांबवलं मी होतं, वाईट काही झालं असतं तर तेही माझ्याच माथी. आठवड्यातून दोनदा बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचो. घरी हालचाली मोजायला सांगितलं होतं; तिने स्वतःची पद्धत काढली, बाळ फिरलं की एक शेंगदाणा वाटीत टाकायचा. १७ तारखेला रात्री नऊला फोन आला, "मॅडम, सकाळपासून चारच झाल्यात." निदान दहा व्हायला हवेत. तशीच बोलावून घेतली. आलेख लावला. पंचवीस मिनिटं ठोके सरळ रेषेत, बाळ झोपलेलं. मी तिच्या उशाशी उभीच. मग एकदम पोट हललं, ठोके १४० वरून १६५ वर गेले, पुन्हा खाली आले, पुन्हा चढले. वाटी तिने पदराखाली सोबत आणली होती. तिने त्यात पाचवा दाणा टाकला.

२४ ला दाखल केलं. गर्भाशयाचं तोंड घट्ट होतं. ते मऊ व्हावं म्हणून संध्याकाळी जेल ठेवली, सकाळी पुन्हा, दुपारी कळांची सलाईन. तासातासाला आईची साखर. रात्री साडेअकराला मुलगी झाली, ३ किलो २००. खांदे अडतील म्हणून मी तयारीत होते, पण सहज सुटले. मोठ्याने रडली. तासाभराने टाचेतून थेंब घेतला, साखर ५४, नुकत्या जन्मलेल्या बाळाला पुरेशी. लगेच अंगावर पाजायला दिली.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. आत आल्या, बाळाच्या छातीवर तळहात ठेवून तो वर-खाली होताना बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "श्वास चांगला घेतीया की."

दीड महिन्याने तीच ग्लुकोजची तपासणी करायला सून आली, तेव्हा पिशवीत सगळ्यात वर तो जुना कागद होता.