आमदाराकडे चिठ्ठी नको, प्रश्न मागूया

आपल्याकडे घरातलं कोणी ॲडमिट झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक जण बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन लावतो. भाऊ, बिल वाढत चाललंय, हॉस्पिटलला द्यायला आमदारसाहेबांची चिठ्ठी मिळेल का. आपल्या नाशिकमध्ये सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, हे सगळ्यांना पाठ झालंय. आणि चिठ्ठी मिळतेही, बऱ्याचदा बिल थोडं कमीही होतं, त्यामुळे माणूस आयुष्यभर त्या आमदाराचं नाव काढतो. मी त्यात कोणालाच नावं ठेवणार नाही, जीवावर बेतल्यावर माणूस मिळेल तो दोर धरतोच. पण ज्याची ओळख नाही त्याचं काय, हा प्रश्न मला गेली काही वर्षं झोपू देत नाही.

माझं सिडकोत मेडिकल आहे. काउंटरच्या अलीकडे उभं राहिलं की कोणाची परिस्थिती काय आहे ते न विचारता कळतं. संध्याकाळी एक दादा येतात, एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत, बायकोचं प्रिस्क्रिप्शन समोर ठेवतात आणि आधी विचारतात एकूण किती होतील, मग आकडा ऐकून म्हणतात ताई पाच दिवसांचं लिहिलंय पण सध्या दोनच दिवसांचं द्या, बाकी पगार झाल्यावर नेतो. अँटिबायोटिक आहे, कोर्स पूर्ण करावा लागतो, हे मी सांगते, ते मान हलवतात, आणि मला माहिती असतं की ते परत येणार नाहीत. सरकारी दवाखान्यातून बाहेरून आणा म्हणून लिहून दिलेले कागदही येतात. आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणीपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, सरकारचाच निर्णय आहे. मग त्या माणसाने माझ्या दुकानात पैसे का मोजायचे?

म्हणून आम्ही काही जण एकत्र आलो, दोन रिटायर्ड नर्स, एक वकील ताई, कॉलेजातली काही पोरं, एक आशाताई. ठरवलं की आमदारांकडे जायचं पण कोणाच्या बिलासाठी नाही, कायद्यासाठी जायचं.

पहिल्याच ऑफिसात काय झालं ते सांगते. पीए साहेबांनी बसवलं, पाणी दिलं, डायरी उघडली आणि पेन हातात घेऊन विचारलं, पेशंटचं नाव काय, कुठं ॲडमिट आहे? म्हटलं दादा पेशंट नाहीये. मग म्हणाले, डिस्चार्ज झालाय का, बिल भरलंय का? वकील ताईंनी कागद पुढे केला, म्हणाल्या आम्हाला साहेबांकडून विधानसभेत प्रश्न टाकून हवाय. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग डायरी मिटली आणि म्हणाले, ताई असं कोणी येत नाही हो इकडे. माणूस चांगला होता, त्याने नंतर मदतही केली. पण डायरीत पेशंटचं नाव, हॉस्पिटल, बिलाची रक्कम एवढेच रकाने आखलेले होते. आपणच वर्षानुवर्षं तेवढंच मागत आलो तर रकाने तरी दुसरे कुठून असणार.

आणि मागण्यासारखं खूप आहे. धर्मादाय हॉस्पिटलांचंच बघा. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये जी योजना लागू केली त्याप्रमाणे त्यांना 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, त्याला चिठ्ठी लागायलाच नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही 2023 मध्ये सगळ्या कुटुंबांना 5 लाखांपर्यंतचं कव्हर देण्याचा निर्णय झाला, आधी दीड लाख होतं, चांगलीच गोष्ट आहे. पण आजार योजनेच्या यादीत बसला पाहिजे, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि त्या दिवशी तिथं बेड पाहिजे, हे तिन्ही जुळलं तरच उपयोग. सुरगाणा-पेठवरून रात्री निघालेल्या माणसाने हे कसं जुळवायचं?

आमचा मुख्य मुद्दा मात्र 2021 च्या नियमांचा आहे. महाराष्ट्रात खाजगी हॉस्पिटलांची नोंदणी 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. जानेवारी 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यात स्पष्ट आहे की रुग्ण हक्क सनद, म्हणजे पेशंटच्या हक्कांची यादी, आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रार करायला टोल फ्री नंबर हवा. आमच्यातल्या पोरांनी नुसतं फिरून बघितलं. सनद कुठे कुठे दिसली, बहुतेक जिन्याच्या कोपऱ्यात कुंडीमागे. दरपत्रक शोधावं लागलं, आणि एका ठिकाणी रिसेप्शनवर विचारल्यावर तुम्हाला कशाला हवंय, तुमचा पेशंट आहे का इथे, असं उलट विचारलं गेलं. शहरात यावर लक्ष ठेवायचं काम महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं, आणि महापालिकेत 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते, मग विचारणार कोण? म्हणून आमदारच उरले.

बऱ्याच जणांना वाटतं विधानसभेत प्रश्न विचारून काय होतं, नुसता गोंधळ असतो टीव्हीवर. मलाही आधी फार माहिती नव्हती, वकील ताईंनी नीट समजावलं. प्रश्न स्वीकारला गेला की विभाग खाली जिल्ह्याकडून माहिती मागवतो. म्हणजे मुंबईला किंवा नागपूरला मंत्री उभे राहण्याआधीच नाशिकमध्ये कोणालातरी फाईल उघडून लिहावं लागतं की किती हॉस्पिटलं तपासली, किती जणांना नोटीस दिली. सभागृहात वेळ मिळाला नाही तरी लेखी उत्तर येतं, ते छापलं जातं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर हातात घेऊन परत विचारता येतं. चिठ्ठीने एका घराचं बिल कमी होतं, या एका उत्तराने अख्ख्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलांची तपासणी करावी लागू शकते. आपल्या जिल्ह्यात 15 आमदार आहेत, पंधरा जणांनी एकाच अधिवेशनात एकच प्रश्न टाकला तर विभागाला तो बाजूला सारणं सोपं नाही.

मोठी मागणी आरोग्य हक्क कायद्याची आहे, म्हणजे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवणाऱ्या कायद्याची. राजस्थानने मार्च 2023 मध्ये केला, असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. तिथे डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण इमर्जन्सीत आधी उपचार करा म्हटल्यावर पैसे कोण देणार हे त्यांना दिसत नव्हतं. मला त्यांची बाजू पटते. आमच्या भागातले छोटे नर्सिंग होमवाले डॉक्टर, ज्यांना मी रोज बघते, ते फुकट किती दिवस चालवतील? त्यामुळे महाराष्ट्रात कायदा मागताना आपण ठणकावून सांगायचं की इमर्जन्सीचं बिल सरकारने ठरलेल्या मुदतीत द्यावं आणि ती मुदत कायद्यातच लिहावी. त्यासाठी पैसा लागतो हे मान्यच आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलंय, 2020 पर्यंत. आपलं राज्य अजून त्याच्या जवळपासही नाही. सिंहस्थासाठी रस्ते होतायत, घाट होतायत, व्हायलाच पाहिजेत, पण ज्या शहरात 1998 पासून राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे तिथल्या माणसाने औषधाचा कोर्स अर्धा सोडू नये एवढी तरी अपेक्षा धरायची की नाही?

आणि नाशिकवाल्यांना सरकारपर्यंत कसं पोचायचं हे काही नवीन नाही. मार्च 2018 मध्ये आपल्याच जिल्ह्यातले आदिवासी शेतकरी इथून निघाले, कसारा घाट उतरून मुंबईत आझाद मैदानावर पोचले, पायांना फोड आलेले. सरकारकडून लेखी घेऊनच ते उठले, कारण मागण्या कागदावर होत्या, गोलमोल नव्हत्या. आमचा कागदही तसाच ठेवलाय, एक पान, तीन मागण्या: 2021 च्या नियमांची तपासणी करून हॉस्पिटलनिहाय अहवाल जाहीर करा, धर्मादाय खाटा किती रिकाम्या आहेत ते रोज ऑनलाइन दाखवा, आणि आरोग्य हक्काचं विधेयक आणा.

शहरातल्या तिन्ही आमदारांच्या ऑफिसात कागद पोचलाय आणि पोच घेतलीय. देवळाली, इगतपुरी, दिंडोरी, कळवण इकडे आमचं कोणी नाही. तिथले मतदार असाल तर कळवा, कागद आम्ही देतो, पण तुमच्या आमदाराकडे तुम्हीच जायला हवं, कारण पीए पहिलं विचारतो मतदारसंघ कोणता. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी प्रश्न द्यावे लागतात, त्यामुळे या महिन्यातच जा. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.