वेल्डरची दुसरी तुकडी आणि मागणीचा पुरावा

आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर या एक वर्षाच्या व्यवसायाची आणखी एक तुकडी मिळावी, असा प्रस्ताव मी तयार केला, तेव्हा मागणीच्या रकान्यात ‘परिसरातील कारखान्यांत भरपूर मागणी आहे’ एवढेच लिहून आधीच्या तुकडीतील किती मुले कामाला लागली तो आकडा जोडला होता. प्रस्ताव परत आला, आणि तो परत येणे योग्यच होते. कामाला लागलेला प्रत्येक मुलगा वेल्डर म्हणूनच लागला होता, असे मला छातीठोकपणे सांगता आले नसते. काही जण पॅकिंगला होते, काही गोदामात.

मग पुराव्याचा शोध सुरू झाला. 2017 पासून होणारे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण राज्याचा कल दाखवते, परंतु एका औद्योगिक वसाहतीबद्दल त्यावरून बोलता येत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या आकडेवारीत उद्योग आणि वयोगट कळतात, माणूस नेमके कोणते काम करतो ते कळत नाही.

खरा उपयोग झाला तो ईआर-1 या तिमाही विवरणपत्राचा. तेव्हा लागू असलेल्या 1959 च्या कायद्यानुसार आस्थापनांनी सेवायोजन कार्यालयाकडे भरायच्या या विवरणपत्रात, योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे कोणती पदे रिकामी राहिली, हे पदनामासह लिहायचे असे. कार्यालयाने कारखान्यांची नावे वगळून पदनिहाय गोषवारा दिला, तेव्हा लक्षात आले की एकाच कामाला कोणी वेल्डर म्हणतो, कोणी फॅब्रिकेटर, तर कोणी नुसते कुशल कामगार लिहून मोकळा होतो. 2015 च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील वेल्डरांच्या 7212 या गटात कोणती पदे बसतात, हे ठरवण्यासाठी मला कारखान्यांत जाऊन काम पाहावे लागले, आणि तिथे गेलो नसतो तर सगळी बेरीज फुकट गेली असती.

एका वर्कशॉपमध्ये फोरमनने स्टेनलेस स्टीलच्या पाइपचा जोड माझ्या हातात ठेवला आणि आतल्या बाजूने बोट फिरवायला सांगितले. जोड गुळगुळीत होता. ‘तुमची मुलं इलेक्ट्रोडवर चांगली आहेत, सर, पण हे टिगचं काम आहे, त्यांचा हात बसलेला नाही,’ असे ते म्हणाले. टिग म्हणजे आरगॉन वायूच्या आवरणाखाली टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग. रिकाम्या पदांपैकी बरीचशी याच कामाची होती.

म्हणून सुधारित प्रस्तावात मी दुसरी तुकडी मागितलीच नाही. आहे त्याच तुकडीसाठी टिगची यंत्रे, आरगॉनचे सिलिंडर आणि सरावाचे जादा तास मागितले, आणि मागणीच्या रकान्यात पदनिहाय गोषवारा जोडला.