जुन्या क्रिसला नवी मूठ बसवून घेतली, माझा अनुभव

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या त्रिविंडू बाजारात मला एक जुना क्रिस (म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर) मिळाला, पातं अकरा वळणांचं, बऱ्यापैकी शाबूत, पण मूठ उभी चिरलेली. सध्या पोस्टिंग जोगजाला (म्हणजे योग्यकर्ता शहरात) आहे, त्यामुळे ऑफिसातला जावानीज मित्र म्हणाला इमोगिरीजवळ बान्युसुमुरुप गाव आहे तिथे जा, क्रिसच्या म्यान-मुठीची कामं करणारे सगळे तिथेच.

कारागिरांना सगळे नुसतं 'पाक' (आपल्या 'काका'सारखं आदराचं संबोधन) म्हणत होते, मीही तेच म्हटलं. मी मुठीसाठी गेले तर हे आधी पात्याचा गंजच बघत बसले, म्हणे आधी धुवायचं, मूठ नंतर. मग पातं नारळपाण्यात भिजवणं, नंतर लिंबू आणि लेराकने घासणं (लेराक म्हणजे आपल्या रिठ्याच्याच जातीचं फळ, फेसही तसाच), असं करत करत पातं पांढरं पडलं. त्यानंतर लिंबाच्या रसात कालवलेला सोमल (आर्सेनिक) लावला की लोखंड काळं होतं आणि निकेल तसंच पांढरं राहतं, त्यामुळे पामोरची, म्हणजे पात्यातल्या धातूच्या थरांची, नक्षी अशी उठून येते की बघतच राहावं. पण सोमल म्हणजे विष आहे बाबांनो, यूट्यूब बघून घरी करायला जाऊ नका.

मुठीला लाकूड कमुनिंगचं. म्हणजे आपली कुंती, पुण्यात सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तीच! मला जोगजाची बारीक मूठ आवडली होती पण पाक ऐकेनात, म्यान सोलोच्या लाड्रांग घाटाचं आहे ना, मग मूठ पण सोलोचीच. लांबून ही मूठ अगदी साधी दिसते, थोडी पुढे वाकलेली, गुळगुळीत. कोरीवकाम फक्त आतल्या बाजूला, दोन छोटे पट्टे, एवढ्याशा पटाशीने इतक्या बारीक रेघा की फोटोत येतच नाहीत. दुकानातले टुरिस्टांसाठीचे चकचकीत क्रिस बघून मला तर चीडच येते, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली गोष्ट आहे ही.

खरी परीक्षा मूठ बसवताना. गोंद-बिंद काही नाही, कारण दरवेळी धुताना मूठ काढावी लागते. पात्याच्या शेपटीला कापडाची पट्टी गुंडाळायची, मेंडाक म्हणजे ती धातूची कडी घालायची आणि मूठ हळूहळू पिळत खाली न्यायची. सैल वाटली की अजून एक वेढा, जास्त झाला की लाकूड तडकणार, जुनी मूठ बहुतेक अशीच गेली असणार. पाक दोन बोटांनी पिळायचे, कान लावायचे, परत काढायचे, आणि मी आपली श्वास रोखून.

पैशांचं म्हणाल तर धुणं, मूठ आणि मेंडाक यांचे वेगवेगळे पैसे लागतात, सुरुवातीलाच विचारून घ्या. आणि भारतात न्यायचा विचार असेल तर विमान कंपनीचे आणि आपल्या शस्त्र कायद्याचे नियम आधी बघा, माझा तूर्त इथेच कपाटात आहे.