डॅकचा शोध, नोंद तिसरी: चिपांची यादी फाडली, मल्टीमीटर काढला

डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल आवाजाचं हेडफोनला चालेल अशा विजेच्या लहरींत रूपांतर करणारा डबा. तो निवडायला मागच्या खेपेला मी डॅकमधल्या चिपांची यादी करत बसलो होतो. कुठल्या डब्यात ईएसएस कंपनीची चिप, कुठल्यात एकेएमची, कुठल्यात सिरस लॉजिकची. तीन संध्याकाळी त्यात गेल्या आणि हाती भोपळा. चिप एकच असली तरी तिच्यापुढचं आउटपुट सर्किट आणि तिला मिळणारी वीज प्रत्येक डब्यात निराळी असते, हे मला ठाऊक होतं. तरीही यादी केली, कारण यादी करायला मजा येते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाच्या एकेएम कारखान्याला आग लागली, तेव्हा चिपाच मिळेनात. मग काही कंपन्यांनी तीच मॉडेलं दुसऱ्या चिपवर उभी केली, नावाला फक्त शेपूट जोडलं. लोकांनी तेव्हाही ती मजेत ऐकलीच. यादी फाडली.

मुळात माझी तक्रार काय होती? कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की माऊस हलवताना कानात किर्र व्हायचं. पान वर-खाली सरकवलं की त्या किर्रचा सूरही बदलायचा. गाणं चालू असताना कळत नाही, पण आलापाआधी नुसता तंबोरा वाजत असला की जीव नकोसा होतो. पुढच्या जॅकची बारीक वायर ग्राफिक्स कार्डाला अगदी खेटून मदरबोर्डापर्यंत गेलीये, दोष तिचाच. मागच्या जॅकला लावल्यावर किर्र जवळपास गेली. म्हणजे निम्मं दुखणं फुकटात बरं झालं. नवीन डॅक घ्यायला निघालेल्यांनी आधी एवढं करून बघाच.

पण मागच्या जॅकवर माझे आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन) विचित्र वाजायला लागले. बास फुगलेला, वरचा भाग मंद. इथे मल्टीमीटर कामाला आला.

पद्धत साधी आहे. ऑडेसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन सूर तयार केला. स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्टेज त्याच पट्ट्यात नीट दाखवतात, १००० हर्ट्झला काहीही आकडे देतात. आवाज पूर्ण वर. (हेडफोन काढून ठेवा, डोक्यावर असताना हा उद्योग नको.) एका जुन्या तुटक्या इअरफोनची ३.५ मिमीची पिन कापून घेतली, वायरी सोलल्या आणि डावा चॅनल व ग्राउंड यांमध्ये व्होल्टेज बघितलं. मग त्याच दोन टोकांना ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा बघितलं. बिनभाराचं व्होल्टेज भागिले भाराचं व्होल्टेज, त्यातून एक वजा, गुणिले ३३. झाला आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा.

मागचा जॅक बिनभाराने १.२८ व्होल्ट, रेझिस्टर लावल्यावर ०.३९. म्हणजे ७५ ओहम! मी दोनदा मोजलं. लॅपटॉप १.१० वरून ०.८३ वर आला, म्हणजे साधारण ११ ओहम. आणि ऍपलचं ते नखाएवढं यूएसबी-सी डाँगल, म्हणजे हेडफोनचा जॅक असलेला छोटासा डॅकच, ०.९९ वरून ०.९६ वर, म्हणजे जेमतेम १ ओहम.

आयईएमचं कोडं इथेच सुटलं. एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या आयईएमचा इम्पीडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा एका जागी ४० ओहम आहे आणि दुसऱ्या जागी ८. लॅपटॉपच्या ११ ओहमवर या दोन जागांच्या पातळीत पाच डेसिबलहून जास्त फरक पडतो, डाँगलच्या १ ओहमवर एक डेसिबलही नाही. ७५ ओहमवर काय होत असेल ते सोडाच. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याहून आउटपुट इम्पीडन्स कमी असावा, हा आपल्या हेडफोनवाल्या मंडळींचा जुना ठोकताळा उगाच नाही. उलट ३०० ओहमच्या एचडी ६५० या हेडफोनला ७५ ओहमनेही फारसं काही होत नाही, बास किंचित वर येतो इतकंच. काहींना तो आवडतोही.

आता आवाज पुरेल का हा प्रश्न. इथे मी स्वतः खड्ड्यात पडलो. एटीएच-एम५०एक्स या दुसऱ्या हेडफोनची संवेदनक्षमता ९९ डेसिबल लिहिलेली, एचडी ६५०ची १०३. मी म्हटलं, वा, एचडी ६५० चालवायला सोपा! पण ९९ हा आकडा एका मिलिवॉटला आहे आणि १०३ एका व्होल्टला. एम५०एक्सचा इम्पीडन्स ३८ ओहम. तो आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर हजार भागिले ३८ चा लॉग घ्या, दहाने गुणा, १४ येतात, ते मिळवा. झाले ११३. म्हणजे त्याच व्होल्टला एम५०एक्स दहा डेसिबल मोठा वाजतो. आकड्याशेजारी एकक नसेल तर तो आकडा सोडून द्यायचा, असं मी आता ठरवलंय.

मग डाँगलच्या एका व्होल्टवर एचडी ६५० पूर्ण पातळीला १०३ डेसिबलपर्यंत जातो. चढउतार खूप असलेल्या रेकॉर्डिंगची सरासरी शिखराच्या वीसेक डेसिबल खाली धरली तरी ८३ उरतात. मला पुरे. कान मला अजून बरीच वर्षं वापरायचे आहेत. मात्र या डाँगलची युरोपात विकली जाणारी आवृत्ती निम्म्या व्होल्टेजची आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ते मुळातच दबकं वाजतं. कॉम्प्युटरवर ही अडचण येत नाही.

यूएसबी ऑडिओ २ (यूएसबीवरून आवाज पाठवायच्या नियमांची दुसरी आवृत्ती) लागतो का? ऐकण्यापुरता नाही. पहिल्या आवृत्तीतच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं आणि सीडी १६ बिट, ४४.१ वर थांबते. दुसरी आवृत्ती हवीच असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून त्याचं सॉफ्टवेअर (तेही ड्रायव्हरच म्हणतात) घरचंच आहे. खोक्यावरचे ३८४ आणि ७६८ किलोहर्ट्झचे आकडे वाचून मी आता पान उलटतो.

आणखी एक डाँगल आणलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. मोजमाप उत्तम, आउटपुट अर्धा ओहम. पण गाणं थांबलं की दोन सेकंदांत टक् करून झोपी जायचं आणि पुढचं गाणं सुरू झालं की पहिली मात्रा गिळायचं. तबल्याचा पहिला ‘धा’ गेलाच म्हणून समजा. असला दोष कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. परत केलं.

राहता राहिली मित्राकडून उसनी आणलेली डॅकची मोठी पेटी. दोन व्होल्ट, वजनदार नॉब, हात लावला की बरं वाटतं. पहिल्या दिवशी मला तिचा आवाज सरळसरळ भरदार वाटला. मग मल्टीमीटर लावला, तर नॉबच्या माझ्या नेहमीच्या जागेला ती डाँगलहून दोन डेसिबल मोठी वाजत होती. भरदारपणा तिथेच होता. दोन्ही अर्ध्या व्होल्टवर आणले. ०.१ डेसिबलच्या आत बसवायचं तर सहा मिलिव्होल्टांची सूट मिळते, ती पाळली.

धाकट्या बहिणीला वायरी बदलायला बसवलं, मी पाठ करून. सोळा फेऱ्या. सातव्या फेरीला मी अगदी खात्रीने म्हणालो, ‘‘ही पेटी. बघ, झांज कशी मोकळी वाजते.’’

‘‘दादा, मी गेल्या फेरीपासून काही बदललेलंच नाही. डाँगलच आहे.’’

सोळातली नऊ उत्तरं बरोबर आली. नुसता अंदाज ठोकूनही तेवढी येतात. बारा आली असती तर मी पेटीच्या बाजूने काही बोललो असतो. नॉबबद्दल मात्र माझं मत कायम आहे. डाँगलवर आवाज कमी-जास्त करायला कीबोर्ड शोधावा लागतो, त्याचा वैताग येतो.

पेटी स्पीकरलाही जोडून पाहिली, तेव्हा बारीक घूं ऐकू आली. ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांचं ग्राउंड दोन वाटांनी जुळतं तेव्हाचा दोष. हेडफोनवर नाही, कारण हेडफोनला दुसरीकडून ग्राउंड मिळतच नाही. एडीयूएम४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतली ग्राउंडची वाट तोडणारा जोड) पडून होता. तो १२ मेगाबिटच्या पुढे जात नाही, त्यामुळे पेटी यूएसबी ऑडिओ १ वर आणावी लागली. घूं गेली. पण स्पीकर हा या नोंदीचा विषय नाही.

तेव्हा सध्या टेबलावर डाँगल आहे, मध्ये एक मीटरची यूएसबी वायर, म्हणजे ते कॅबिनेटमागे लोंबकळत नाही. पेटी रविवारी परत जाईल. डाँगलची वायर जॅकजवळ दुमडायला लागलीये, तिथे हीट-श्रिंक नळी चढवायची आहे. तीन मिमीची जॅकवरून जात नाही, सहाची सैल पडते.