कोर्कोम्रोचा मठ कोर्कोम्रोत नाही

आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत येणारे बहुतेक जण मोहेरचे कडे बघून परततात. मी मे महिन्यात तीन दिवस काढले ते ‘बॅरनी ऑफ बरेन’ पायी बघायला. बॅरनी म्हणजे काउंटीच्या पोटातला जुना परगणा. 1898 च्या कायद्यानंतर कारभारात तिला काही अर्थ उरला नाही, पण तिच्याशिवाय इथली नावं उलगडत नाहीत.

पहिल्याच दिवशी कोड्यात पडले. कोर्कोम्रोचा सिस्टर्शियन (ख्रिस्ती संन्याशांच्या एका पंथाचा) मठ कोर्कोम्रो बॅरनीत नाहीच, तो बरेनमध्ये आहे! कारण पूर्वी कोर्कोम्रो हे एकच राज्य होतं. बाराव्या शतकात ते दुभंगलं: बरेन ओ’लॉकलेन घराण्याकडे गेलं, उरलेलं ओ’कॉनरांकडे. पुढे इंग्रजांनी याच तुकड्यांच्या बॅरनी केल्या. मठाने जुनं नाव सोडलं नाही. अखंड राज्याचा आकार बघायचा तर किलफेनोराच्या धर्मप्रांताचा नकाशा काढा. तो जवळपास तेवढाच आहे. तिथल्या छोट्या कॅथीड्रलमधले दगडी क्रूस चुकवू नका.

आणखी एक गोंधळ टाळा. बरेन हे चुनखडीच्या खडकाळ प्रदेशाचंही नाव आहे, आणि तो प्रदेश बॅरनीपेक्षा मोठा आहे. बरेन राष्ट्रीय उद्यान तर शेजारच्या इंचिक्विन बॅरनीत येतं. म्हणून निघण्यापूर्वी एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे ऑनलाइन बघा. बॅरनी आणि तिच्यातली टाउनलँड, म्हणजे अगदी लहान शिवारं, दोन्ही त्यांवर आहेत. टाउनलँडची नावं आजही पत्त्यात चालतात, त्यामुळे रस्ता विचारताना तीच उपयोगी पडली.

मुक्काम बॅलीवॉन गावात करा. गॉलवेहून 350 नंबरची बस येते, पण पूलनाब्रोनच्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्याकडे जायला गाडी हवी. रस्ते अरुंद आहेत, गाडी डावीकडून चालते. चुनखडीच्या लाद्यांमध्ये खोल भेगा आहेत, म्हणून घोटा सांभाळणारे बूट घाला. ओल्या दगडावर तर जपूनच. गडगे ओलांडू नका, फाटक उघडलंत तर लावून घ्या.

मे महिनाच निवडा. इथली गुरं हिवाळ्यात डोंगरावर चरतात, कारण चुनखडी ऊब धरून ठेवते. त्यांनी गवत खाल्लं की वसंतात फुलांना जागा मिळते. मला दगडाच्या भेगेत जेन्शियन दिसलं, गडद निळं, अंगठ्याच्या नखाएवढं. तिथेच बसून डबा खाल्ला.

व्हिसाचं मात्र आधी बघा: शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही.