नोंद कांचरीची, निघाली अ‍ॅलिगेटर वीड

पावसाळा संपता संपता पुण्याजवळच्या एका तळ्याचा प्लांट सर्व्हे होता. काठापासून आतपर्यंत हिरवीगार गादी पसरलेली, जुन्या रिपोर्टमधे तिचं नाव कांचरी, म्हणजे आपली देशी, काही त्रास नाही, म्हणून सफाईवाले कोयत्याने सपासप कापत होते आणि तुकडे तिथंच पाण्यात.

मला फुलं बघूनच शंका आली. कांचरीची बारीक पांढरी फुलं पानाच्या बगलेत अगदी चिकटून बसतात, देठ नसतोच. इथं प्रत्येक गेंद चांगल्या तीन-चार सेंटिमीटरच्या देठावर उभा! पाण्यातला जाड दांडा नखाने चिरला तर आत पोकळ नळी, म्हणूनच तर ही तरंगते. फुलाचा कागदासारखा कोरडेपणा राजगिरा, कुर्डू, सगळ्या कुळातच असतो, त्यावरून काही ठरत नाही, म्हणून भिंगाखाली फूल उघडलं. परागकोष असलेले पुंकेसर पाच. कांचरीत तीनच असतात. ही दक्षिण अमेरिकेतली आल्टरनँथेरा फिलॉक्सेरॉइडिस, अ‍ॅलिगेटर वीड, तळी व्यापून टाकणारं परकं तण.

आपल्याकडे तिला बी जवळपास धरतच नाही, ती पसरते पेरांवरून. एक पेर असलेला तुकडा वाहत गेला की पुढे नवं झाड. हे सांगितल्यावर मुकादम म्हणाले, "म्हणजे आम्ही कापत नव्हतो, लावत होतो." काम तिथंच थांबवलं, सांडव्यावर जाळी बांधली.

तेवढ्यात एक मावशी हीच भाजी खुडताना दिसल्या. नांदेडकडच्या, घरी तेलुगू, त्यांच्याकडे कांचरीला पोन्नगंटी म्हणतात आणि आवडीने खातात. तळ्यात गावाचा नाला येतो आणि ही वनस्पती घाण पाण्यातले जड धातू शोषून घेते, त्यामुळे मला राहवेना. ही गल्लत काही त्यांचीच नाही, ऑस्ट्रेलियात श्रीलंकन लोकांच्या परसातसुद्धा मुकुनुवेन्ना, म्हणजे त्यांच्याकडची कांचरी, समजून हीच लावलेली सापडली होती. शेजारच्या भातखाचराच्या बांधावर खरी कांचरी मिळाली, दोन्ही फांद्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी देठ चाचपला, पिशवी ओतली, आणि मला न विचारता भराभर निवडायला बसल्या.

"आणि ताई, हे बाकीचं कुठं टाकू? पाण्यात नको ना?"

गोणीत भरा म्हटलं, पाण्यापासून लांब कडक वाळवायचंय.